देवमाशांचं शिबिर आणि मी बुडवल्याला तास

चहा प्यायला गेलतो. दुसरं काय न्हाई. बिडी वडाय गेलो न्हाई, तब्येत बिघडली न्हाई, कुणाशी भांडण बी झालं न्हाई. पडद्यावर चित्रं दावालती, पंखा माझ्यापतूर पोचत नव्हता, चहाची येळ झालती. उठलो आणि गेलो. पाऊण तास, फार तर तास. साठी उलटल्याल्या माणसानं चहाला जायचं तर काय अर्ज करायचा?

मला ह्ये कुणी इचारल्यालं न्हाई, ठावं हाय. तरी आधी सांगून टाकलं. म्हणजे बाकीचं सांगाय मोकळा.

मागच्या खेपंला मी सीमेपलीकडच्या जनावरांच्या बाजाराचं हितं लिहिलतं. बऱ्याच जणांनी वाचलं. एक-दोघं त्ये वाचून म्हस घ्यायला गेले आणि फसून आले, त्यो त्यांचा दोष. माझी लिहायची तऱ्हा अशी, की मी फोनमधी बोलतो, फोन लिहितो. मंग माझी नात तेजू चुका काढती आणि हितं चढवती. ह्या खेपंला तिला दिलं न्हाई. शाहूपुरीत सलीमचं टायपिंगचं दुकान हाय, त्याच्याकडनं करून घेतलं. का, त्ये शेवटापतूर कळंल.

आता आधी मी कोण त्ये. मी गंगावेशीतला. आमच्या तीन पिढ्या म्हशीच्या. सांजच्याला म्हस कट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढायची, फेसाळ पेला हातात द्यायचा. शाळा सातवीपतूर, त्यातली बी निम्मी गोठ्यात. पर जनावर आजारी पडलं की आमच्या गल्लीत आधी मला हाक मारत्यात, डॉक्टरला मागनं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवत्यात आमच्याकडं. पोरं मोटरसायकलीचा सायलेन्सर काढून आवाज करत्यात आणि म्हस त्या आवाजामागं पळती. माझी म्हस नुसत्या माझ्या हाकंमागं पळायची. ह्ये बढाई म्हणून सांगत न्हाई. पुढं लागणार हाय म्हणून सांगतो.

तेजू नववीत हाय. शाळेत कुणीतरी कागद लावलता. मालवणच्या किनाऱ्याला तीन दिवसांचं शिबिर, देवमासे आणि डॉल्फिन. निबंध लिहायचा, पसंत पडला तर बोलवणार. हिचा पडला. पोरांबरोबर घरचं एक मोठं माणूस पायजे अशी अट. माझ्या पोराला दुधाचा रतीब, सुनंला शिवणकाम. ऱ्हायलो मी.

"समुद्र बघायचा तर एका दिवसात बघून येऊ की," मी म्हटलं. "मासा बघाय तीन दिवस आणि वर शिबिर! बाजारात मांडल्याला असतोय."

"आबा, देवमासा मासा न्हाई."

"मंग काय म्हस हाय?"

"व्हय. तसंच समजा. पिल्लू आईचं दूध पितंय."

दूध म्हटल्यावर मी इचारलं, "दिसाला किती देती?"

"पिल्लू शंभर-शंभर लिटर पितंय म्हणत्यात."

"धार काढाय कोण गेलतं?"

अशी हसली पोरगी, की मी जातो म्हणून बसलो.

आता रस्त्याचं. नाताळच्या सुट्टीत गेलो. कोल्हापूर स्टँडवरनं सकाळची मालवण गाडी पकडली, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. गाडी दुपारच्या आत सोडती. माझं म्हाताऱ्याचं अर्धं तिकीट, तिचं बाईमाणसाचं अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एक. कंडक्टर म्हणला, "आबा, तुमी दोघं मिळून एकच माणूस झाला की." घाटात पुढच्या बाकड्यावर बसा. मागं बसल्याली माणसं फोंड्यापतूर पिशवीत तोंड घालून हुती. राधानगरीला गाडी थांबती तितं भजी खाऊ नगा, घाट मागनं येतोय. दाजीपूरच्या रानात धुकं हुतं आणि तेजू काचंला नाक लावून बसलती. मी झोपलो. रान मी बघितल्यालं हाय.

मालवणातनं रिक्षा. गावाचं नाव लिहित न्हाई, तिथल्या माणसांनी मला काय वाईट केलं न्हाई. सुरूच्या बनात पोरांचे तंबू आणि मोठ्यांना शाळंच्या खोलीत गाद्या. जेवण त्यांच्याचकडं, फीमधीच धरल्यालं. मासं ताजं, सोलकढी चांगली, तिखट मातर नावाला. कोल्हापूरच्या माणसानं चटणीची बाटली बरोबर न्यावी. मी नेलती आणि दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एका बाईनं ती संपवली.

शिबिर चालवणाऱ्या रेवा मॅडम. तिशीच्या असतील, उन्हानं रापल्याल्या, पायात चप्पल न्हाई, केसात रेती. ह्या काय शिकवणार, असं मला वाटलं. समद्यांना गोल बसवलं आणि नावं सांगाय लावली. वीस-बावीस पोरं आणि आमी पाच-सहा मोठी माणसं. तेजूची पाळी आली तवा ती उभी ऱ्हायली आणि माझ्याकडं हात करून म्हणली, "हे माझे आबा. ह्यांना जनावरांचं सगळं कळतं. मला जनावरं आवडायला लागली ती ह्यांच्यामुळंच."

समदे माझ्याकडं बघाय लागले. मी मान हलवली. छाती फुगलती, खोटं कशाला बोलू.

मंग आत खोलीत पडदा लावला. देवमासा केवढा, डॉल्फिन श्वास कसा घेतोय, असलं चालू झालं. अर्धा तास बसलो. मंग मॅडम म्हणाल्या, "आता पुढचा तास सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोठ्यांनीसुद्धा नीट ऐका." महत्त्वाचं म्हणून सांगत्यात त्ये कधीच महत्त्वाचं नसतंय, असा माझा आजवरचा अनुभव. सरकारी मीटिंगा बघितल्यात मी. उठलो.

बाहेर रस्त्यावर टपरी हाय. टपरीवाल्याची गाय आटलती, त्याला मी दोन औषधं सांगितली. त्यानं चहाचं पैसं घेतलं न्हाई. आलो तवा तास संपलता आणि पोरं बाहेर सांडालती. प्रत्येकाच्या गळ्यात पिवळी शिट्टी.

"आबा, कुठं गेलता? लै महत्त्वाचं हुतं."

"काय हुतं?"

"जनावर जिवंत काठाला लागलं तर काय करायचं, काय न्हाई करायचं."

"जनावराचं मला नगो सांगूस."

"त्ये बी खरंच," ती म्हणली. "तुमाला तर ठावंच असणार." आणि माझ्या वाटची शिट्टी तिनं घेऊन ठेवलती, ती माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली. "ऱ्हाऊ द्या जवळ."

कशाला, त्ये मी इचारलं न्हाई. पोरांचं खेळणं असंल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी. गार वारं हुतं, कानटोपी न्या. आमच्या होडीवर तांडेल हुता पांडू, माझ्याच वयाचा. हितल्या लोकांत होडी चालवणाऱ्या म्होरक्याला तांडेल म्हणत्यात. तास झाला, काय दिसंना. पोरं वह्या घेऊन बसल्याली, दर पाच मिनिटाला कायतरी लिहालती. वारा किती, पाणी कसं, काय दिसलं न्हाई.

"दिसलं न्हाई त्ये कशाला लिहायचं?" मी मॅडमना इचारलं.

"दिसलं नाही हीसुद्धा माहिती असते, आजोबा. जे बघितलं तेच लिहायचं आणि जे बघितलं ते सगळं लिहायचं. आवडलेलं तेवढंच लिहिलं तर मग ती गोष्ट होते."

तेजूनं त्ये वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. माझ्या म्होरंच घेतलं.

मंग दिसले. आधी पाठीवरचा कुबडावानी उंचवटा, मंग राखी पाठ, फुस्स करून आवाज. पाच-सहा हुते. एका मोठीच्या कुशीला एक लहान. म्हशीच्या पोटाला रेडकू चिकटून चालतंय ना, अगदी तसं, डोकं तिच्या अंगाला लावून. माझ्या तोंडातनं हाक बाहेर पडणार हुती. हात होडीच्या काठावर आपटाय उचललाबी हुता. तांडेलानं मनगट धरलं.

"आजोबानू, हाक मारू नकात. तेंका बरा वाटला तर ते आपणच येतले."

"जनावर हाकंला येतंय हो. माझी म्हस येती."

"तुमची म्हस तुमची असा. ह्ये कोणाचे नाय."

हात खाली घेतला. आणि त्ये खरंच आले. होडीच्या खालनं गेले, लहानगं बी गेलं. मॅडमनी दोराला बांधल्याला माइक पाण्यात सोडला आणि एकेकाच्या कानाला यंत्र लावलं. माझ्या बी लावलं. बारीक शिट्ट्या ऐकू आल्या, वर चढणाऱ्या, खाली येणाऱ्या. प्रत्येकाची शिट्टी निराळी असती म्हणं, जन्मभर तीच. आई पिल्लाला त्यावरनं वळखती. मला आमचा गोठा आठवला. रेडकू दुसऱ्या गोठ्यात वरडलं तरी म्हशीला कळतंय आपलं कुठलं. मी यंत्र लौकर काढलंच न्हाई. मागच्या पोरानं पाठीत बोट खुपसलं तवा दिलं.

दुपारी रेतीवर देवमासा काढला. दोर मापून, खऱ्याएवढा. शेपटीपासनं डोक्यापतूर चालत गेलो तर आमच्या गोठ्यापासनं गल्लीच्या कोपऱ्यापतूर जावं एवढं अंतर भरलं. पोरं त्याच्या पोटात झोपून फोटो काढालती. तेजू मातर त्याच्या डोक्यावर रेतीत दोन भोकं काढत बसलती.

"हितं काय करालीस?"

"नाक काढते."

"नाक डोस्क्यावर?"

"मंग कुठं?" आणि ती हसली, मी बी हसलो. थट्टा करत असंल असं वाटलं मला. नाक डोस्क्यावर असतंय म्हणून कुणी मनावर घेतंय व्हय?

हितंच मला कळाय पायजे हुतं. तिनं स्वतःच्या हातानं काढून दावलतं.

तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा पाचला उठलो. धारंची सवय, सुट्टी असली तरी जाग येती. समदी झोपल्याली. उजाडाय लागल्यावर काठानं चालत गेलो, तंबूंच्या लांब, मासेमारांच्या होड्या वर वढून ठेवल्यात तिकडं. पाणी उतरालतं. आणि त्या ओल्या रेतीत एक डॉल्फिन पडलता.

आधी वाटलं मेल्याला हाय. जवळ गेलो तर फुस्स केलं. जिवंत हुता. माझ्याएवढा लांब असंल, कमीच, लहान जनावर. पोटावर पडल्यालं, शेपूट हळू हालालतं, डोळा उघडा. त्यो डोळा अगदी आपल्या जनावरासारखा. मला बघालता. आवाज असा यायला लागलता, फुस्स, फुस्स, धाप लागल्यावानी.

आता माझं ऐका. धाप लागल्यालं, तापल्यालं जनावर असलं की आमच्यात पहिल्यांदा काय करत्यात? डोस्क्यावर पाणी. ह्यात इचार करायचाच नसतो, हात आपोआप जातो. पंचगंगेच्या घाटावर म्हशी धुतो तवा बी पहिली बादली डोस्क्यावर, मंग पाठ. म्हस डोळं मिटती, नाकातनं फुरफुर करती, तिला बरं वाटतंय. पन्नास वर्षं मी ह्येच केलंय. शिंगापासनं सुरवात.

होडीत पाणी उपसायची बादली हुती. ती घेतली, समुद्रात बुडवली, पळत आलो आणि डोस्क्यावर वतली. भरून, एकदम. जनावरानं जोरात फुरफुर केलं, अंग ताठ केलं. मला वाटलं, बरं वाटालंय त्याला. "व्हय रं बाळा, व्हय, थांब," असं बी म्हणलो मी. दुसरी आणली, वतली. ह्या खेपंला फुस्स आवाज आलाच न्हाई, घरघर आली. तिसरी आणली.

तिसरी वतत असतानाच मागनं तेजू वरडली. ती मला शोधत आलती. तिचं वरडणं मी ह्याच्या आधी कधी ऐकलं न्हाई आणि पुन्हा ऐकायचं न्हाई.

"आबा! नाकावर न्हाई! नाकावर नगा वतू!"

"नाकावर कुठं वततोय?" मी म्हटलं आणि चोचीकडं बोट केलं. "नाक हितं हाय की."

"त्ये तोंड हाय! नाक वर हाय, वर!"

तिनं माझ्या हातातली बादली हिसकावली. बाकीचं पाणी माझ्याच पायावर सांडलं. तवा मी वाकून बघितलं. डोस्क्याच्या वर, मधोमध, रुपयाएवढं भोक, कडा हालालती, आणि त्यात पाणी बुडबुडालतं. माझ्या बादलीतलं पाणी.

बास. त्या जनावराला श्वास घ्यायला एवढी एकच जागा देवानं दिलती आणि मी नेमकी तीच भरली.

तेजूनं शिट्टी वाजवली. तीन येळा, थांबून, तीन येळा. तिकडनं पळापळ झाली, रेवा मॅडम आल्या, पांडू तांडेल आला, पोरं आली. मला ढकललं कुणी न्हाई, पर मी आपोआप बाजूला झालो. मंग मला दिसलं, त्या तासात काय शिकवलतं. पोरांनी चादरी भिजवून पाठीवर टाकल्या, भोक उघडं ठेवून. पंखांच्या खाली रेती उकरली, म्हणजे अंगाचा भार येऊ नये. सावलीला कापड धरलं. कुणी बोलत नव्हतं. एक पोरगा लांब बसून किती येळानं श्वास येतोय त्ये वहीत लिहालता. शेपटीला धरून वढायचं न्हाई, तोंडाशी उभं ऱ्हायचं न्हाई, सांगाय लागलंच न्हाई कुणाला. चौदा वर्षांची पोरं. मी अडुसष्टाचा.

"पहिल्यांदा कुणाला दिसला?" मॅडमनी इचारलं.

मी तोंड उघडाय लागलो.

"मला," तेजू म्हणली. "मी आले तवा एकटाच हुता."

मॅडमनी मान हलवली आणि कामाला लागल्या. आणि मी गप बसलो. मला तवाच बोलता आलं असतं. दोन पावलं पुढं जाऊन, मॅडम, मी पाणी वतलंय डोस्क्यावर, तीन बादल्या. एवढंच. डॉक्टरला त्ये उपयोगी पडलं असतं काय? पडलं असतं की. जनावराच्या पोटात काय गेलंय त्ये न सांगता औषध मागाय येणाऱ्या माणसाला मी स्वतः शिव्या घातल्यात.

वनखात्याची माणसं आली, जनावरांचा डॉक्टर आला. ऊन वर आलं. भरती लागल्यावर ताडपत्रीत घालून, आठ-दहा जणांनी उचलून छातीभर पाण्यात नेलं. मला बी एक टोक दिलं. जड हुता आणि गुळगुळीत. घोटलेल्या रबरावानी अंग. बराच येळ धरून ठेवला, मंग त्यानं शेपूट मारलं आणि गेला. पोरांनी आरडाओरडा केला न्हाई, तसं सांगितल्यालं हुतं, पर समदी रडालती. तांडेल म्हणला, "तो गेलो. आता तेचा नशीब."

तेजू बी रडालती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं काढला न्हाई. पर माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

परतीचं काय सांगायचं. दुपारची गाडी, कणकवलीला थांबा, तितं वडापाव बरा मिळतोय. फोंड्याच्या घाटात तेजू झोपली न्हाई आणि मी बी झोपलो न्हाई. जाताना जे रान मी बघितल्यालं हाय म्हणून झोपलो, त्ये येताना समदं बघितलं. राधानगरीला मी इचारलं, "भजी खाणार?" ती म्हणली, "न्हाई." घाट तर संपलता.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी शिबिराच्या ग्रुपवर मॅडमचा निरोप आला. खालच्या बाजूला दोन गावं सोडून किनाऱ्याला एक लहान डॉल्फिन मेल्याला सापडला, पाठीवरच्या खुणेवरनं तोच असावा. फुप्फुसं खराब झालती. आधीचा आजार हुता की नंतरचं काय, नक्की सांगता येत न्हाई. एकटंदुकटं जनावर काठाला येतंय तवा बऱ्याचदा आजारीच असतंय, असं बी लिहिलतं. आणि खाली लिहिलतं, की त्या सकाळी ज्यानं जे बघितलं त्ये लिहून पाठवा, अगदी बारीकसारीक बी, म्हणजे पुढच्या येळी उपयोगी पडंल.

तेजूनं दोन दिवस बसून लिहिलं. मला वाचून दावाय सांगितलं तर वाचंना. मंग मीच वही घेतली. माझं वाचणं हळू, बोट ठेवून वाचतो. वेळ, भरतीची, ओहोटीची. श्वास किती, चादरी किती. समदं बारीक. आणि वर पहिल्या वळीत, "मी पोहोचले तेव्हा डॉल्फिन एकटा होता. त्याच्याजवळ कोणी नव्हते."

"तेजू, मी हुतो की."

"वही द्या हिकडं."

"आगं, मी हुतो. बादली हुती माझ्या हातात."

"आबा, गप बसा."

पोरगी कधी मला गप बसा म्हणली न्हाई आजवर. तिच्या बापाला म्हणती, आईला म्हणती.

"मॅडमनी काय सांगितलंय? बघितलं त्ये समदं लिहायचं."

"तुमाला कोण काय म्हणलेलं मला चालणार न्हाई," ती म्हणली. डोळं भरलते. "तिथं समद्यांना सांगितलंय मी, आबाला जनावरांचं कळतंय म्हणून." आणि वही दप्तरात टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तसंच पाठवलं.

आता मला सांगा, डॉल्फिन माझ्या हातानं मेला का आजारानं, त्ये कुणाला कळणार न्हाई. डॉक्टरला कळलं न्हाई, मला तर न्हाईच. त्याचं ओझं हाय आणि त्ये मी वाहीन, म्हातारा झालोय, आणखी किती दिवस. पर ह्या पोरीला देवमाशांचंच शिकायचंय पुढं. आणि तिनं पहिल्यांदा जे कागदावर लिहून मोठ्या माणसांना पाठवलं, त्यातली पहिलीच वळ खोटी हाय. ती खोटी वळ माझ्यापायी हाय. म्हशीला पाणी घातल्यागत मी त्या जनावराला घातलं, त्ये एक वेळ अडाणीपणा म्हणून सोडून देता यील. तितं, तिच्या तोंडून "मला" ऐकल्यावर मी गप बसलो, त्याला अडाणीपणा म्हणत न्हाईत.

परवा आमची लहान म्हस चारा खाईना. तेजू गोठ्यात आली, म्हशीच्या पोटावर हात ठेवून उभी ऱ्हायली. पहिलं असतं तर "आबा, काय झालंय बघा" म्हणून पळत आली असती. तिनं फोन काढला आणि डॉक्टरला लावला. बरोबरच केलं. मी वैरण उचलत ऱ्हायलो.

शिबिर कसं हाय, जावं का, ह्याच्यासाठी ज्यांनी वाचाय घेतलं त्यांना सांगतो. जावा. पोरांना न्या. कानटोपी, चटणी, दोन जोडी कपडे जादा. होडीत आरडू नगा. आणि मोठ्या माणसांनो, पहिल्या दिवशी दुसरा तास चालू झाला की खोलीत बसा. पंखा पोचत नसंल तर घामात बसा. चहा नंतर बी मिळतोय. काठावर काय पडल्यालं दिसलं तर हात लावू नगा, शिट्टी वाजवा. माझी शिट्टी सुनंला सदरा धुताना खिशात सापडली. त्या सकाळी समदा येळ ती माझ्या छातीवर हुती.

सलीमनं ह्ये समदं वाचलं आणि चष्मा काढला. "काका, खरंच टाकू? तेजू वाचंल की."

"वाचाय पायजे."

"मॅडम बी वाचतील."

"त्यांना मी फोन केलाय काल."

"काय म्हणल्या?"

मॅडमना समदं सांगितलं, तीन बादल्या, पहिली, दुसरी, तिसरी. त्या काय म्हणाल्या त्ये माझ्यापाशी. फोन ठेवल्यावर तेजूच्या खोलीत गेलो, तितं काय बोलणं झालं त्येबी माझ्यापाशी. सलीमला सांगितलं न्हाई, तुमाला बी सांगणार न्हाई. इचारू नगा.